सूप आणि दप्तर

दहावीचा निकाल लागला कीं एक-दोन दिवसांत वर्तमानपत्रांतून एक छायाचित्र हमखास येतें. लहानशा खोलीच्या दारांत आई उभी असते, शेजारीं पेढा हातीं घेतलेला मुलगा असतो, आणि खालीं मजकूर असतो कीं विडी कामगार स्त्रीच्या मुलानें अमुक इतके गुण मिळविले. सोलापुरकरांना हें चित्र चांगलेंच परिचयाचें आहे. तें आपल्या घरीं येऊन पोंचलें म्हणजे त्याचा उपयोग काय होतो, हें आमच्या वाचकांना सांगावयास नकोच. वडील मंडळी चष्मा सांवरून तें पान घरांतल्या एखाद्या आळशी चिरंजिवापुढें धरतात आणि म्हणतात, "बघ, याला म्हणतात जिद्द! नाहीं तर तूं. टेबल आहे, पंखा आहे, शिकवणी आहे." चिरंजीव मान खालीं घालतात, पान रद्दींत जातें, आणि त्या मुलाशीं आपला संबंध तेथेंच संपतो.

आम्हींही ही युक्ति पुष्कळदां वापरलेली आहे. परंतु गेल्या श्रावणांत सोलापुरास मावशींच्या घरीं आठ-दहा दिवस राहण्याचा योग आला, आणि त्या छायाचित्रांतलें दार ओलांडून आंत जावयास मिळालें. आंत जें दिसलें तें छायाचित्रांत मावणारें नव्हतें.

त्या दाराशीं जाण्यापूर्वीं तीं घरें तेथें आलीं कशीं, हें थोडक्यांत सांगितलें पाहिजे. १८६० च्या सुमारास आगगाडी सोलापुरास येऊन पोंचली. १८७६ पासून दोन वर्षें दक्षिणेंत मोठा दुष्काळ पडला, व त्याच दुष्काळाच्या ऐन भरांत, म्हणजे १८७७ सालीं, मोरारजी गोकुळदास यांची सूतकापडाची गिरणी येथें सुरू झाली. हीच पुढें 'जुनी गिरणी' या नांवानें ओळखली जाऊं लागली. मागाहून लक्ष्मी, विष्णु, नरसिंगगिरजी, जाम अशा गिरण्या निघाल्या. शेतें ओस पडलेले आसपासचे कुणबी व कारागीर भोंग्याच्या आवाजामागें शहरांत आले. तेलंगणांतून पद्मशाली विणकर आपले माग घेऊन आले व शहराच्या पूर्व भागांत वसले. त्या भागांत अजूनही घरांत तेलुगु, शाळेंत मराठी आणि बाजारांत कानडी व हिंदी अशी चौरंगी भाषा चालते. पांच वर्षांचें पोर आईशीं एका भाषेंत भांडतें आणि मास्तरांची क्षमा दुसरींत मागतें. आमच्या घरांतलीं मुलें इंग्रजीचे चार शब्द बोललीं कीं आम्ही पाहुण्यांपुढें त्यांना उभीं करतों. या मुलांना कोणी उभें केल्याचें ऐकिवांत नाहीं.

जुनी गिरणी सुरू झाली तेव्हां मुलांना कामावर घेण्यास कोणताहि कायदा आडवा येत नव्हता. पहिला कारखान्यांचा कायदा झाला १८८१ सालीं. त्यानें सात वर्षांखालचीं मुलें कामावर घेण्यास बंदी केली, आणि सात ते बारा वर्षांच्या मुलांस दिवसाला नऊ तासांहून अधिक राबवूं नये असें ठरविलें. नऊ तास ही त्या काळची दया होती! १८९१ सालीं वयाची मर्यादा सातावरून नऊवर गेली, व १९२२ सालीं बारावर. ज्या इंग्लंडनें हे कायदे आपणांस दिले, तेथेंहि लँकेशायरचीं मुलें अर्धा दिवस गिरणींत व अर्धा दिवस शाळेंत काढीत असत, आणि ती रीत मोडण्यास १९१८ चा कायदा व्हावा लागला. तेव्हां सोलापुरच्या श्रमिक घरांत चार पिढ्यांपूर्वींच्या आजोबांचें बालपण कोठें गेलें, याचें उत्तर बहुधा गिरणीच्या सूतखात्यांत मिळेल.

गिरणीचा पगार ठराविक तारखेस येई, म्हणून त्या घरांना थोडी तरी बैठक होती. ज्याला कायमची जागा नसे तो 'बदली' म्हणून फाटकापाशीं उभा राही. कोणी गैरहजर असला तर काम, नाहीं तर डबा तसाच भरलेला घेऊन घरीं. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत एकेक गिरणी डबघाईस आली व बंद पडली. भोंगे थांबले. बापे माणसें यंत्रमागांवर गेलीं. चादर आणि टॉवेल या दोन वस्तूंनीं सोलापुरचें नांव जगभर नेलें खरें. परंतु यंत्रमागावरची मजुरी विणलेल्या मालावर ठरते, आणि सुताचा भाव चढला किंवा मागणी घटली कीं माग थांबतो. माग थांबला कीं मजुरीहि थांबते.

अशा वेळीं चूल कशावर चालली? याचें उत्तर सुपांत आहे.

मावशींच्या शेजारीं एक निवृत्त शिक्षिका राहतात. त्यांचें सारें आयुष्य पूर्व भागांतल्या मुलांना शिकविण्यांत गेलें. सगळे त्यांना नुसतें 'बाई' म्हणतात, आणि आम्हीहि येथें तसेंच म्हणूं. नारळी पौर्णिमेला मार्कंडेयाचा रथ निघतो तो पाहावयास त्या आम्हांला घेऊन गेल्या. पद्मशाली लोक स्वतःस मार्कंडेयाचे वंशज मानतात. सोळाव्या वर्षीं मरण लिहिलेला, पण शिवलिंगास मिठी मारून यमालाहि परतविणारा तो मुलगा! कुलपुरुष म्हणून त्याला मानणाऱ्यांनीं चिवटपणा दुसरीकडून आणण्याची गरज काय, असें आमच्या मनांत आलें. रथ पुढें गेला, आणि बाई आम्हांस म्हणाल्या, "आतां आलाच आहांत तर माझ्या एका विद्यार्थ्याच्या घरीं चला."

दाजी पेठेच्या बाजूस एका बोळांत ती खोली होती. फार तर दहा बाय बारा. एका कोपऱ्यांत गॅसची शेगडी, एका भिंतीला पत्र्याची पेटी, तीवर अंथरुणांची चवड, आणि शहाबादी फरशीवर उजेडाच्या वाटेंत, दारापाशीं, दोन सुपें. एक आईच्या मांडीवर, दुसरें थोरल्या मुलीच्या. सणाचा दिवस असूनहि हात चालू होते. बाईंना पाहतांच दोघी उठूं लागल्या. बाईंनीं त्यांना हातानेंच बसविलें.

विडी कशी होते हें आमच्या वाचकांपैकीं फार थोड्यांनीं पाहिलें असेल, म्हणून जरा सविस्तर लिहितों. तेंदूचीं वाळलेलीं पानें व तंबाखू मालकाच्या ब्रँचमधून मोजून मिळतात. पानें रात्रीं भिजवून ओल्या गोणपाटांत गुंडाळून ठेवावयाचीं, म्हणजे तीं वळवितांना तडकत नाहींत. सकाळीं पत्र्याचा एक लहान आयत पानावर ठेवून त्याच्या कडेनें कातर फिरवावयाची. जाड शिरा काढावयाच्या. मग त्या तुकड्यावर चिमूटभर तंबाखू पसरून तो बोटांच्या टोकांवर असा गुंडाळावयाचा कीं एका बाजूस निमुळता, दुसऱ्या बाजूस किंचित् रुंद व्हावा. दोरा बांधावयाचा, तोंड नखानें आंत मुडपावयाचें. पंचवीस विड्यांचा एक कट्टा. असे चाळीस कट्टे झाले म्हणजे हजार, आणि मजुरी ठरते ती हजारावर. एकटीनें हजार विड्या वळावयाच्या म्हणजे उजाडल्यापासून रात्र पडेपर्यंतचें काम. आम्ही तेथें बसल्या बसल्या मनांत हिशेब केला: बारा तास न उठतां बसलें तर एका विडीच्या वांट्यास अवघे ४३ सेकंद येतात. त्यांतच पोळ्या, पाणी, धुणें, रडणारें मूल आणि आलेला पाहुणा.

दुसऱ्या दिवशीं हा माल ब्रँचमध्यें न्यावयाचा. तेथें तपासनीस कट्टे उलगडून पाहतो. पसंत न पडलेल्या विड्या 'छाट' म्हणून काढतो. छाटीची मजुरी नाहीं. पानें किडकीं निघालीं तर कमी पडलेलीं पानें बाजारांतून स्वतःच्या पैशानें आणून हजार पुरे करावे लागतात. "पान त्यांनीं दिलं, भोक किड्यानं पाडलं, पैसे मात्र आमचे," असें आई अगदीं शांतपणें म्हणाली. तंबाखूची धूळ त्या खोलींत इतकी मुरलेली होती कीं आम्हांस पहिल्या पांच मिनिटांतच ठसका लागला. ती धूळ त्या घरांत झोपते, जेवते, अभ्यास करते. आणि ही वस्तु ओढणाराचेंहि अहित करणारीच आहे. आईला हें ठाऊक नाहीं असें कोणी समजूं नये. "विडी चांगली वस्तु नाहीं, बाई. पण दुसरं कोण घरीं काम आणून देतं?" हा तिचा प्रश्न आम्हांस निरुत्तर करून गेला.

ज्याला भेटावयास आम्ही गेलों तो मुलगा पेटीला टेकून बसला होता. दोन वर्षांपूर्वीं तो दहावींत उत्तम गुणांनीं उत्तीर्ण झाला, त्याचेंहि छायाचित्र छापून आलें होतें, व सध्यां तो तंत्रनिकेतनांत शिकत होता. आम्हीं त्याला नेहमींचाच प्रश्न विचारला: एवढ्याशा जागेंत अभ्यास कसा केलास? तो हंसला आणि म्हणाला, "मोठ्यानं वाचून."

त्याचा अर्थ बाईंनीं उलगडून सांगितला. आई व बहीण संध्याकाळीं सुपें घेऊन बसत. बोलत राहिलें नाहीं तर झोंप येते, आणि झोंप आली कीं विडी सैल होते. म्हणून बहिणीनें त्याला फर्माविलें होतें कीं, जें वाचावयाचें तें मोठ्यानें वाच. चौथीपासून दहावीपर्यंत इतिहास, भूगोल, मराठीचे धडे, विज्ञान, सर्व कांहीं त्या खोलींत मोठ्यानें वाचलें गेलें. बहीण स्वतः सातवीनंतर शाळेंतून निघालेली. त्या वर्षीं बापाचा माग तीन महिने बंद होता, आणि घरांत एका सुपानें भागेना. दुसरें सूप तिच्या मांडीवर आलें. तिचा वर्गांत तिसरा नंबर असे, हें बाईंनीं सांगितलें; तिनें नव्हे.

"याची उजळणी कोण घेई, विचारा त्याला," बाई म्हणाल्या. मुलगा खालीं पाहून म्हणाला, "अक्का. मी चुकलों कीं ती हात न थांबवतां बरोबर सांगायची."

छायाचित्रांत अक्का नव्हती. त्या दिवशीं ती माल देण्यास ब्रँचमध्यें गेली होती.

येथें आम्हांला आमच्याच घराची आठवण झाल्याखेरीज राहिली नाहीं. आमच्या आत्याबाई चौथी इयत्तेंत शाळेंतून निघाल्या, कारण दोन फिया देणें आजोबांना जमत नव्हतें, वडील शिकले. वडिलांची हुशारी घरांत पिढ्यान्-पिढ्या सांगितली जाते. आत्याबाईंचें मात्र 'हाताला चव फार' एवढेंच. वार लावून जेवलेल्या, माधुकरी मागून शिकलेल्या विद्यार्थ्यांच्या गोष्टी आपण मुलांना भक्तिभावानें सांगतों. अण्णासाहेब कर्वे लहानपणीं परीक्षेकरितां मुरुडाहून साताऱ्यास पायीं चालत गेले व वयानें लहान दिसतात म्हणून परत धाडले गेले, ही गोष्ट तर कोणास ठाऊक नाहीं? त्या गोष्टी खऱ्याच आहेत. परंतु वाराच्या दिवशीं ताट वाढणारी कोण होती, आणि ती स्वतः कितवीपर्यंत शिकली होती, हें त्या गोष्टींत सहसा येत नाहीं.

इंग्रज कादंबरीकार डिकन्स याचें बालपण या बाबतींत अगदीं उलट आहे, म्हणून तें मोठें बोधक वाटतें. १८२४ सालीं बाप कर्जापायीं तुरुंगांत गेला, तेव्हां बारा वर्षांचा डिकन्स बूटपॉलिशच्या कारखान्यांत डब्यांवर चिठ्या डकवीत होता; आणि त्याची थोरली बहीण फॅनी त्याच वेळीं राजधानींतल्या संगीतविद्यालयांत शिकत होती. त्याच्या मनांतला तो सल जन्मभर गेला नाहीं, आणि त्या सलानें जगाला मोठमोठ्या कादंबऱ्या दिल्या. सोलापुरच्या अक्कांचा सल कोणत्या कादंबरींत जातो?

सोलापुरच्याच मातींतून मोठे झालेले पुरुष थोडे नाहींत. सुशीलकुमार शिंदे यांचा जन्म १९४१ सालचा. वडिलांचें छत्र लहानपणींच हरपलें. सोलापुरच्या न्यायालयांत पट्टेवाल्याची नोकरी करीत ते शिकले, १९६५ सालीं फौजदार झाले, आणि २००३ सालीं राज्याचे मुख्यमंत्री व २०१२ सालीं देशाचे गृहमंत्री झाले. बार्शी तालुक्यांतील महागांवचे रमेश घोलप आईबरोबर बांगड्या विकत हिंडले, आणि पायास पोलिओ असतांहि भारतीय प्रशासन सेवेंत गेले. हीं उदाहरणें मुलांना अवश्य सांगावीं. फक्त तीं सांगतांना मुलगा एकटाच वर चढला असें भासवूं नये. बांगड्यांची टोपली घोलपांच्या हातांत येण्याअगोदर आईच्या डोक्यावर होती.

आणखी एक गोष्ट आपल्या बोलण्यांत वारंवार सुटते. हीं घरें केवळ सोसून तगलीं असें नव्हे. तीं भांडूनहि तगलीं. विडी कामगारांच्या हिताचा कायदा १९६६ सालीं झाला, कल्याणनिधीचा कायदा १९७६ सालीं. त्या निधींतून दवाखाने निघाले व मुलांना शिष्यवृत्त्या मिळूं लागल्या. भविष्यनिर्वाह निधि विड्या घरीं बसून वळणाऱ्या बायांनाहि लागू आहे कीं नाहीं, हा वाद थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १९८५ सालीं त्यांच्या बाजूनें सुटला. हें कोणी आपण होऊन ताटांत वाढलेलें नाहीं. सोलापुरच्या रस्त्यांवरून या बायांचे मोर्चे निघाले, तेव्हां कोठें हें पदरीं पडलें. नरसय्या आडम, ज्यांना सारें शहर 'आडम मास्तर' म्हणतें, यांच्या पुढाकारानें कुंभारी गांवाजवळ विडी कामगार स्त्रियांच्या सहकारी संस्थेनें दहा हजार घरांची वसाहत उभारली. २००६ सालीं पंतप्रधान डॉ. मनमोहनसिंग यांच्या हस्तें तीं घरें दिलीं गेलीं. जवळच रे नगर येथें तीस हजार घरांची दुसरी योजना झाली, व तींतील पंधरा हजार घरें जानेवारी २०२४ मध्यें पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनीं कामगारांना दिलीं. पहिल्या वसाहतीस नांव आहे गोदूताई परुळेकर यांचें. या गोदूताई म्हणजे पुण्याच्या गोखल्यांच्या घरांतल्या, वकिलीची परीक्षा दिलेल्या. घरदार सोडून ठाणे जिल्ह्यांतल्या वारल्यांत जाऊन राहिल्या. आमच्या वाचकांपैकीं ज्यांना वाटत असेल कीं हीं घरें आणि आपलीं घरें यांचा कांहींच संबंध नाहीं, त्यांच्यासाठीं एवढें सांगितलें.

अक्काची मावशी त्या वसाहतींत राहते. "दोन खोल्या आहेत," अक्का म्हणाली, आणि तें सांगतांना तिचे हात पहिल्यांदाच क्षणभर थांबले. "एका खोलींत विडी, एका खोलींत पुस्तक."

निघण्यापूर्वीं बाईंनीं पिशवींतून एक कागद काढला. आम्हांला सोलापुरचा रथ दाखविणें हें त्यांचें निमित्त होतें. त्यांचें खरें काम हें होतें. दहावीला बाहेरून बसणाऱ्यांचा तो १७ नंबरचा अर्ज. शाळा सोडल्याचा दाखला त्यांनीं खटपट करून आधींच मिळविला होता. आईनें अर्जाकडे पाहिलें, मग सुपाकडे पाहिलें. तिच्या मनांतला हिशेब आम्हांला दिसत होता: परीक्षेचे दिवस, त्याआधींचे अभ्यासाचे दिवस, तितके हजार कमी. ती म्हणाली, "बाई, पोरीचं लग्नाचं वय झालं." बाई म्हणाल्या, "परीक्षेचं वयहि झालंय." थोडा वेळ कोणीच बोललें नाहीं. कातरीचा आवाज तेवढा येत होता.

मग अक्काच म्हणाली, "इतिहास येईल. मराठी येईल. विज्ञानपण बरंच येईल. भूमिति नाहीं येणार."

कां म्हणून आम्हीं विचारलें.

"ती ऐकून येत नाहीं. हा नुसता वाचायचा, कोन अबक, रेषा कख. आकृति त्याच्या वहींत असायची, आणि माझे डोळे पानावर."

मुलगा उठला. दाराच्या चौकटीवर रांगोळीच्या डब्याजवळ खडूचा एक तुकडा होता, तो त्यानें घेतला आणि अक्काच्या सुपासमोर फरशीवर उकिडवा बसला. त्यानें एक रेष ओढली, पण भिजलेल्या पानांचें गोणपाट मध्यें येत होतें. आईनें मांडीवरचें सूप न हलवितां एक हात लांब केला, आणि गोणपाट भिंतीकडे ओढून घेतलें.